डीझेल एंजिनाची शक्तिवृद्धी (पेण–रोहा मार्ग)

पेणवरून जाणारा लोहमार्ग १९८६ मध्ये रोह्यास पोहोचला व १९९८ मध्ये त्यापुढील कोकण रेल्वे पूर्ण झाली. येथे दीर्घकाळ डीझेल एंजिने वापरात होती. डब्ल्यूडीएम-२ च्या १६ सिलिंडरांच्या एंजिनाची शक्ती २,६०० अश्वशक्ती होती. त्यावरूनच ३,१०० अश्वशक्तीचे डब्ल्यूडीएम-३ए सिद्ध झाले. अशी वाढ नुसते इंधन वाढवून साधत नाही. हवेच्या मानाने इंधन जास्त झाल्यास ज्वलन अपुरे राहते, काळा धूर येतो, निष्कास वायू अतितप्त होतात आणि टर्बोभारकाची पाती, झडपा व दट्ट्यांचे माथे निकामी होऊ शकतात. मोटारींची शक्ती परस्पर वाढविणारे कारागीर नेमके हेच विसरतात. रेल्वेने टर्बोभारक, इंधन पंप, हवेचे शीतक हे सर्व एकत्र बदलले व दट्ट्यांना पोलादी माथे दिले.