खेळाडूंच्या खांद्यातील मज्जातंतू व रक्तवाहिन्यांच्या इजा

हात डोक्यावर नेऊन वेगाने फिरवण्याच्या, किंवा खांद्यावर थेट आदळण्याच्या खेळांत होणाऱ्या इजा. सांधा निखळण्याच्या मानाने विरळ; मात्र ‘लचक भरली’ म्हणून सोडून दिल्याने निदान उशिरा होते. छत्रपती संभाजीनगरातील गारखेड्याच्या विभागीय क्रीडा संकुलापासून गावच्या तालमीपर्यंत प्रत्येक प्रशिक्षकाला त्यांची लक्षणे ठाऊक हवीत.

व्हॉलीबॉलमध्ये स्मॅश मारणाऱ्यांच्या सुप्रास्कॅप्युलर मज्जातंतूवर ताण येतो. मानेतून निघालेला हा तंतू खांद्याच्या फऱ्यावरील दोन खाचांतून जातो. दुसऱ्या खाचेपाशी तो वारंवार ओढला गेला, की फऱ्याच्या मागचा, हात बाहेरच्या बाजूला फिरवणारा स्नायू वाळतो. पुष्कळदा दुखत काहीच नाही, म्हणून खेळाडू वर्षानुवर्षे खेळत राहतो. शर्ट काढायला लावून दोन्ही खांदे पाठीमागून ताडून पाहिले, तर मारत्या हाताकडचा खळगा दिसतो. या तपासणीला पैसा लागत नाही आणि ती दर हंगामाआधी व्हावी. सांध्यालगतची द्रवाची गाठही त्याच खाचेत दाब देऊ शकते. ती एमआरआयमध्ये दिसते, तर तंतूची इजा ईएमजी चाचणीत कळते.

कबड्डी-कुस्तीत खांदा पुढे निखळला, तर अ‍ॅक्सिलरी मज्जातंतू ताणला जातो. दंडाच्या वरच्या बाहेरील भागाला बधिरपणा येतो, हात बाजूला उचलवत नाही. मैदानावर कोणीही हात ओढून सांधा बसवू नये. बसवण्यापूर्वी आणि नंतर संवेदना व नाडी तपासावी लागते. बहुतेकांचा तंतू काही महिन्यांत आपोआप सावरतो. भिंत ढकलताना फरा पंखासारखा बाहेर आला, तर लाँग थोरॅसिक मज्जातंतूची इजा संभवते.

रक्तवाहिन्यांच्या इजा अधिक दुर्मीळ, पण तातडीच्या. कॉलरबोन आणि पहिली बरगडी यांच्यामध्ये नीला दाबली जाऊन तिच्यात गुठळी होते. हात सुजतो, निळसर व जड होतो. त्याचे वर्णन करणाऱ्या पॅजेट (१८७५) आणि श्रॉटर (१८८४) या डॉक्टरांच्या नावाने हा विकार ओळखला जातो. धमनीत गुठळी झाल्यास बोटे गार व फिकट पडतात. धमनीत अशीच गुठळी असलेला अमेरिकी बेसबॉलपटू जे. आर. रिचर्ड हात निर्जीव होत असल्याचे सांगत होता, तेव्हा अनेकांनी त्याला कामचुकार ठरवले. ३० जुलै १९८० रोजी तो सरावात पक्षाघाताने कोसळला. हात अचानक सुजला वा रंग बदलला, तर मालिश आणि शेक टाळून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.