समुद्रतळाचा कानोसा

मातीचें मडकें विकत घेतांना आपल्या घरांतील वडील माणसें तें बोटानें वाजवून पाहतात. चीर डोळ्यांना दिसण्यापूर्वींच कानाला कळते. जेथें दृष्टि पोंचत नाहीं तेथें कानानें परीक्षा करावी, हें शहाणपण जुनें आहे. तेंच समुद्राच्या तळाला लावण्याचा जो उद्योग शास्त्रज्ञांनीं केला, त्याचा इतिहास आम्ही आज वाचकांपुढें थोडक्यांत मांडीत आहों.

पूर्वीं नाविक लोक दोरीला शिशाचें वजन बांधून पाण्यांत सोडीत व त्याच्या बुडाला चरबी लावीत. चरबीला वाळू चिकटून आली कीं तळ वाळूचा, चिखल आला कीं चिखलाचा! परंतु हें ज्ञान वीतभर जागेचें, आणि तेंही वरच्या थराचें. ध्वनीची गोष्ट निराळी. १८२६ सालीं कोलादाँ व स्टुर्म ह्यांनीं जिनीव्हाच्या सरोवरांत पाण्याखालीं घंटा वाजवून ध्वनीचा वेग मोजला. तो सेकंदाला सुमारें १४३५ मीटर, म्हणजे हवेंतील वेगाच्या चौपटीहून अधिक भरला. समुद्रांत प्रकाश लवकरच विझतो. ध्वनि मात्र कोसच्या कोस जातो.

दुसऱ्या महायुद्धांत पाणबुड्यांचा शोध हा जीवनमरणाचा प्रश्न झाला, आणि उथळ समुद्रांत ध्वनि किती दूर ऐकूं येईल हें तळावर अवलंबून असतें असें दिसून आलें. घट्ट वाळू त्याला परतवते. मऊ चिखलांत तो बराचसा मुरून जातो. त्या काळांत अमेरिकेंत यूइंग व वर्झेल ह्यांनीं उथळ पाण्यांत स्फोट करून दूरवर त्यांचे ध्वनि नोंदले. तेव्हां असें आढळलें कीं, ध्वनीचा कांहीं भाग तळांत शिरून तेथील अधिक वेगानें धांवतो व आधीं येऊन पोंचतो; पाण्यांतून येणारा भाग मागाहून येतो. ह्या मागेंपुढें येण्यावरून तळांतील ध्वनिवेग व थरांची जाडी कशी काढावी, ह्याचें गणित पेकेरिस ह्यांनीं मांडलें. हें सर्व संशोधन १९४८ सालीं एका ग्रंथांत प्रसिद्ध झालें.

ह्या गणितांत एक गृहीत गोष्ट होती: तळ सर्वत्र सारखाच आहे. खरा समुद्र असा कोठें असतो? येथें वाळू, तेथें गाळ. येथें सपाटी, पुढें उतार. दहावीस किलोमीटरांची वाट चालून आलेला ध्वनि वाटेंतील साऱ्या भूमीचा एकच ठसा घेऊन येतो. बारा ही बेरीज सातपांचांची कीं आठचारांची, हें नुसत्या बाराच्या आंकड्यावरून कोण सांगूं शकेल? अशा ठिकाणीं तळ एकसारखा मानून गणित केलें तर उत्तर येतें, नेमकेंही दिसतें. पण तसला तळ त्या वाटेवर कोठेंच नसावा, असेंही घडतें. आमच्या मतें चुकलेल्या उत्तरापेक्षां चुकीचा संशयच न येणें अधिक घातक.

ही अडचण हळूहळू सुटूं लागली. १९६५ सालीं पीअर्स ह्यांनीं तळ सावकाश बदलत असेल तर ध्वनि त्याशीं कसा जुळवून घेतो, हें दाखविलें. १९७० नंतर टॅपर्ट ह्यांच्या पद्धतीनें ध्वनीचा प्रवास पावलापावलानें मोजतां येऊं लागला. पुढें संगणकानें हजारों कल्पित तळ रचून, त्यांपैकीं कोणत्या तळावरून ऐकलेला ध्वनि निघेल हें पडताळण्याची रीत आली. २००१ सालीं गल्फपोर्ट येथें जागोजाग बदलणाऱ्या तळांचीं कोडीं विद्वानांपुढें ठेवून ह्या रीतींची परीक्षाही घेण्यांत आली. २०१७ सालीं अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यापुढील चिखलाच्या प्रदेशांत मोठा प्रयोग झाला, तेव्हां ध्वनीच्या जोडीला तळांत नळ्या रोवून गाळाचे नमुनेही काढण्यांत आले. म्हणजे कानाची साक्ष हातानें तपासली. चरबीच्या शिशाला पुन्हां मान मिळाला!

आज समुद्रांत पवनचक्क्यांचे खांब ठोकतांना त्या घणाचा आवाज देवमाशांपर्यंत किती पोंचेल, हेंही ह्याच विद्येला विचारावें लागतें. म्हणून तिनें एकच आंकडा ठासून न सांगतां ‘इतक्यापासून इतक्यापर्यंत’ असें सांगण्याचा जो शिरस्ता पाडला आहे, तो आम्हांस तिच्या प्रौढपणाची खूण वाटतो. आपल्या अज्ञानाचें माप देतां येणें, हेंही ज्ञानच होय.