होर्हे वार्गास : मागें राहिलेला कारभारी

राजा नगर सोडून जातो, तेव्हां इतिहासांत त्याच्या प्रस्थानाचें सविस्तर वर्णन येतें. परंतु किल्ल्या हातीं घेऊन मागें उभ्या राहिलेल्या कारभाऱ्याकडे सहसा कोणी लक्ष देत नाहीं. १९४१ सालच्या डिसेंबरांत फिलिपाइन्सच्या राजधानींत असाच एक कारभारी मागें राहिला. होर्हे वार्गास हें त्याचें नांव. त्यानें देशाशीं इमान राखलें कीं शत्रूची चाकरी केली, या प्रश्नाचें उत्तर त्याच्या देशाच्या न्यायालयानेंही दिलें नाहीं.

वार्गास यांचा जन्म २४ ऑगस्ट १८९० रोजीं नेग्रोस बेटावरील बागो या गांवीं झाला. नेग्रोस म्हणजे उसाच्या मळ्यांचा मुलूख. त्या वेळीं तेथें स्पेनची सत्ता होती. ती १८९८ सालीं जाऊन अमेरिकेची आली. नव्या राजवटींत शिकून वर आलेल्या पिढीपैकीं ते एक होत. फिलिपाइन्स विद्यापीठाची कायद्याची पदवी त्यांनीं १९१४ सालीं घेतली आणि सरकारी सेवेंत पाऊल टाकलें. पुढें १९३५ सालीं देशास अंतर्गत स्वराज्य मिळून मनुएल केसॉन राष्ट्राध्यक्ष झाले, तेव्हां त्यांच्या कचेरीचा सारा भार वार्गास यांच्यावर आला.

याच सुमारास देशाच्या क्रीडासंघटनेचें अध्यक्षपदही त्यांच्याकडे आलें. हें पद नुसतें शोभेचें नव्हतें. फिलिपाइन्स, चीन आणि जपान यांचे ‘अतिपूर्वेचे सामने’ १९१३ सालीं मनिला येथें सुरू झाले होते. परतंत्र देशाच्या तरुणांना स्वतंत्र राष्ट्रांच्या खेळाडूंशीं बरोबरीनें झुंजण्याची जागा तेथें मिळे. परंतु जपाननें आपल्या अंकित मांचुकुओ राज्यास सामन्यांत घेण्याचा आग्रह धरला, चीन रागावून बाहेर पडला, आणि १९३४ च्या मनिला येथील सामन्यांनंतर ती परंपराच संपली. १९३६ सालीं वार्गास आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे सभासद झाले. हा मान मिळविणारे ते पहिले फिलिपिनो. त्याच वर्षीं बर्लिन येथें त्यांच्या देशाचा बास्केटबॉल संघ पांचवा आला.

नंतर युद्ध पेटलें. २४ डिसेंबर १९४१ रोजीं केसॉन कोरेहिडोरच्या किल्ल्याकडे निघून गेले आणि वार्गास यांना मनिला शहरीं ठेवून गेले. दोनच दिवसांनीं राजधानी ‘खुलें शहर’ म्हणून जाहीर झाली. बृहन्मनिलाचे महापौर म्हणून वार्गास यांनीं शहराचा ताबा घेतला, आणि २ जानेवारी १९४२ रोजीं जपानी फौजा आंत शिरल्या. त्याच महिन्यांत जपान्यांनीं एक कार्यकारी मंडळ नेमून त्याचें अध्यक्षपद वार्गास यांना दिलें. १९४३ च्या ऑक्टोबरांत जपानच्या छत्राखालीं लॉरेल यांचें ‘प्रजासत्ताक’ उभें राहिलें, तेव्हां वार्गास वकील म्हणून टोकियोस गेले.

कारभार सोडला असता तर जपानी लष्करानें तो थेट आपल्या हातीं घेतला असता. रयत आणि तलवार यांच्यामध्यें कोणीतरी उभें राहणें भागच होतें, असें त्यांचे कैवारी म्हणतात. यावर विरोधकांचें उत्तर असें कीं, मध्यें उभा राहणारा माणूस हळूहळू तलवारीचीच मूठ होऊन बसतो. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. ज्यांनीं ही कामगिरी सोंपविली ते केसॉन १ ऑगस्ट १९४४ रोजीं अमेरिकेंत निवर्तले. त्यांची साक्ष काढण्याचा मार्गच उरला नाहीं. १९४५ च्या आरंभीं झालेल्या लढाईंत मनिला शहर बेचिराख होऊन सुमारें एक लाख नागरिक प्राणांस मुकले. जपानच्या शरणागतीनंतर अमेरिकनांनीं वार्गास यांना सुगामोच्या तुरुंगांत टाकलें. पुढें मायदेशीं त्यांच्यावर राजद्रोहाचा खटला उभा राहिला. परंतु १९४८ च्या जानेवारींत राष्ट्राध्यक्ष रोहास यांनीं अशा सर्व राजकीय आरोपींना माफी जाहीर केली. स्वतः रोहास यांनींही जपानी अमलांत पद स्वीकारलें होतें, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. अशा रीतीनें वार्गास सुटले. मात्र निर्दोष ठरून सुटले नाहींत.

यानंतर त्यांचें खरें कार्य क्रीडाक्षेत्रांत झालें. १९४९ च्या फेब्रुवारींत दिल्ली येथें आशियाई क्रीडासंघाची स्थापना झाली. त्यामागें गुरुदत्त सोंधी यांची खटपट आणि पतियाळाचे महाराज यादवेंद्रसिंह यांचा आश्रय होता. फिलिपाइन्स हें संस्थापक राष्ट्रांपैकीं एक होतें. पहिले सामने १९५१ च्या मार्चांत दिल्लीस झाले. दुसरे १९५४ च्या मे महिन्यांत मनिला येथें भरले, तेव्हां संघाची धुरा वार्गास यांच्याकडे होती. लढाईंत उद्ध्वस्त झालेलें रिझाल स्मारक क्रीडांगण नव्यानें बांधून काढण्यांत आलें. अनेक राष्ट्रें आलीं, आणि त्यांत जपानही होता!

नुकसानभरपाईचा तंटा तेव्हां मिटलेला नव्हता. तो १९५६ सालीं मिटला. शहरांतील कित्येक कुटुंबांची जखम ओलीच होती. अशा शहरांत जपानी खेळाडू आले, सर्वांत अधिक पदकें जिंकून परतले, आणि यजमान राष्ट्र दुसरें आलें. एका मैदानावर ठरलेल्या नियमांनीं झुंजणें म्हणजे कांहीं क्षमा नव्हे. परंतु क्षमेच्या वाटेवरील तें पहिलें पाऊल असूं शकतें.

२२ फेब्रुवारी १९८० रोजीं वार्गास निवर्तले. त्यांनीं जमविलेलीं चित्रें, ग्रंथ आणि कागदपत्रें त्यांच्याच विद्यापीठाच्या संग्रहालयांत जतन केलेलीं आहेत. माफीनें खटला मिटतो, प्रश्न मिटत नाहीं. धनी निघून गेल्यावर घर संभाळणाऱ्याचें माप कोणत्या तराजूंत घालावें, हें ज्या राष्ट्रावर तसा प्रसंग येतो त्यालाच ठरवावें लागतें.