कल्याणहून कन्याकुमारी, तिथून काश्मीर

1985चा डिसेंबर. कल्याण सुटल्यावर गाडी उजवीकडे कर्जतच्या मार्गाला लागते, कसाऱ्याचे रूळ डावीकडे लांब जातात. तुमच्या मांडीवर दशम्या आणि लसणीच्या चटणीची पुरचुंडी आहे. डोंबिवलीच्या चाळीत निरोप द्यायला आलेल्या प्रत्येकाने एकच विचारलं: एवढी सायकल चालवून काय होणार?

तुम्हाला धड उत्तर देता आलं नाही. पण गेल्या वर्षीचा मे महिना तुमच्या डोक्यातून गेलेला नाही. भिवंडी पेटली, दंगल ठाणे-कल्याण-मुंबईपर्यंत पसरली, लष्कर बोलवावं लागलं, अडीचशेहून अधिक माणसं मेली. दुर्गाडीच्या पुलापलीकडचं ते गाव, कल्याणहून जेमतेम दहा-बारा किलोमीटरवर. तुम्ही तिथे सायकलने सहज जायचात. यंत्रमागांची खडखड गावात शिरण्याआधीच कानावर यायची. त्यानंतर कितीतरी दिवस त्या पुलावर जायला पाय धजला नाही. ऑक्टोबरअखेर इंदिरा गांधींची हत्या झाली आणि दिल्लीत शिखांचं शिरकाण. म्हणून बाबा आमट्यांची ‘भारत जोडो’ सायकलयात्रेची हाक आली तेव्हा तुम्ही नाव देऊन टाकलंत.

24 डिसेंबर, साने गुरुजींचा जन्मदिवस. कन्याकुमारीला समुद्राचा वारा तोंडावर येतोय आणि तुम्ही 116 तरुण-तरुणींच्या रांगेत उभे आहात. शेजारच्याची भाषा तुम्हाला कळत नाही, तुमची त्याला. समोर 5,042 किलोमीटर. बाबा खादीच्या बंडीत उभे आहेत. दोन दिवसांनी त्यांना 71 वर्षं पूर्ण होतील. कण्याच्या आजाराने त्यांना बसता येत नाही, एक तर उभं राहायचं नाही तर आडवं व्हायचं. सायकलवर बसणं त्यांच्या नशिबी नाही, तरी हा माणूस गाडीत आडवा पडून सगळी वाट तुमच्याबरोबर येणार आहे. याच वर्षी त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळालाय. ते कुष्ठरुग्णांसाठी उभारलेल्या आपल्या आनंदवनात राहिले असते तर कोणी काही म्हटलं नसतं.

पहिले काही दिवस फक्त शरीराचे. मांड्या भरून येतात, तळहात सोलतात, उन्हाने मान भाजते. मग शरीर गप्प होतं आणि रस्ता दिसायला लागतो. सायकलचा वेग माणसाच्या बेताचा असतो: शेतातली बाई हात करते तेव्हा तिचा चेहरा दिसतो, थांबून पाणी मागता येतं. मोटारीतून हा देश जोडता आला नसता, असं मला मनापासून वाटतं. संध्याकाळी गावात सभा. हात उभारणीसाठी आहेत, मागायला नाहीत आणि मारायलाही नाहीत, हे बाबांचं सांगणं तुम्ही मोडक्या हिंदीत सांगता, स्थानिक पोरगा ते आपल्या भाषेत सांगतो. तुमचं भाषण किती पोचलं कोण जाणे. पण लोक उठून जात नाहीत आणि रात्री आग्रहाने जेवायला वाढतात.

आणि मग पंजाब. रोजच्या बातम्यांत गोळीबार. घरून आलेल्या पत्रात आईने लिहिलंय, जपून. जम्मूला जायचं तर पठाणकोटवरूनच जावं लागतं, आणि वळसा असता तरी बाबांनी तो घेतला नसता. वाटेत बंद दारांची गल्ली लागते, ती तुम्ही लगेच ओळखता. अशा गल्ल्या तुम्ही भिवंडीत पाहिल्यात. एका ओसरीवर म्हातारे सरदारजी कुठून आलात विचारतात. डोंबिवली त्यांना माहीत नाही. कल्याण म्हटल्यावर मात्र ते सरसावून बसतात: ‘कल्याण कॅम्प?’ फाळणीनंतर त्यांचे नातलग तिकडे गेले होते. तो कॅम्प आता उल्हासनगर झालाय, तुम्ही सांगता. मग ते विचारत जातात, घरं पक्की झाली का, पाणी येतं का, गुरुद्वारा कुठे आहे. तुम्ही एकेक सांगत बसता, आणि आतून कोणीतरी चहाचे पेले घेऊन बाहेर येतं.