संस्थापकाचे भाऊबंद

ऑक्सफर्डचे ऑल सोल्स कॉलेज कँटरबरीचे आर्चबिशप हेन्री चिचेली यांनी 1438 साली स्थापन केले. एक वॉर्डन आणि 40 फेलो यांच्या निर्वाहासाठी त्यांनी जमिनी लावून दिल्या आणि फेलो निवडताना आपल्या नातलगांना अग्रक्रम द्यावा, असा नियम केला. विंचेस्टरच्या शाळेत विल्यम ऑफ विकहॅम यांनीही आधी हेच केले होते. त्या काळी यात कोणाला वावगे वाटले नाही. धर्मगुरूला मूलबाळ नसायचे. पुतण्या-भाच्यांच्या शिक्षणाची तजवीज हेही पुण्यच होते. ही प्रथा बुडाली ती, माझ्या मते, साध्या गुणाकाराने. तीनशे वर्षांत दावेदार इतके वाढले की 1765 साली बेंजामिन बकलर यांनी 'स्टेमाटा चिचेलियाना' हा चिचेलींच्या नातलगांच्या वंशावळींचा ग्रंथच छापला. त्याच कॉलेजचे फेलो विल्यम ब्लॅकस्टोन यांनी 1750 मध्येच निबंध लिहून या नात्याला कुठेतरी मर्यादा हवी, असे मांडले होते. पुढे त्यांनी हिशेबच दिला : दहा पिढ्या मागे गेल्यास प्रत्येकाचे पूर्वज 1,024, वीस पिढ्या मागे दहा लाखांहून अधिक. म्हणजे रक्ताचे नाते जवळजवळ सर्वांचेच. फरक उरला कागदाचा. वंशावळ जपून ठेवणारी घराणी जमीनदारांची. ज्याला मदतीची खरी गरज, त्या गरीब भाऊबंदाकडे पुरावाच नसे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर ऑक्सफर्डच्या सुधारणांमध्ये हा अग्रक्रम संपला.

पैसा ज्याचा, त्याने तो घरच्या मुलांना द्यावा, यात गैर काय? काहीच नाही. त्याने खुशाल खाजगी न्यास करावा. पण 'धर्मादाय' हे नाव घेतले की करमाफी मिळते, न्यासाला काळाची मुदत राहत नाही, आणि त्या सवलतीचा भार इतर करदाते उचलतात. म्हणूनच तीन नामनिर्दिष्ट व्यक्तींच्या वंशजांच्या शिक्षणासाठी केलेला न्यास इंग्लंडच्या न्यायालयाने 1945 साली धर्मादाय मानला नाही. 1951 मध्ये एका तंबाखू कंपनीच्या कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठीचा न्यासही हाउस ऑफ लॉर्ड्सने नाकारला. कर्मचारी एक लाख दहा हजारांहून अधिक होते, तरी त्यांना जोडणारा धागा एकाच मालकाचा होता. गरीब नातलगांना दारिद्र्यातून वर काढण्यासाठी केलेल्या न्यासांना मात्र इंग्रजी कायदा जुन्या काळापासून मान्यता देत आला. ही सूट मला रास्त वाटते, कारण तिथे कसोटी गरजेची आहे. खाजगी आणि धर्मादाय यांच्यामधली रेघ भारताच्या 1961 च्या आयकर कायद्यानेही कलम 13 मध्ये ओढली : धर्मादाय न्यासाचे उत्पन्न संस्थापकाच्या किंवा त्याच्या नातलगांच्या लाभासाठी वापरले, तर करमाफी जात असे.