प्राचीन इतिहासाचे नागपूर विद्यापीठातील अध्यापक व पवनी

नागपूर विद्यापीठात (स्थापना १९२३) प्राचीन भारतीय इतिहासाचे अध्यापन करणारे काही प्रमुख विद्वान मूळचे ग्रंथाभ्यासक होते. वासुदेव विष्णू मिराशी (१८९३–१९८५) हे संस्कृतचे प्राध्यापक. भंडारा जिल्ह्यातील पवनी येथे मिळालेला भार राजा भगदत्ताचा शिलालेख त्यांनी संपादून प्रसिद्ध केला. शांताराम भालचंद्र देव यांचा पीएच्.डी.चा प्रबंध जैन मुनिसंघाच्या इतिहासावर होता. त्यांनी व भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे जगत्पती जोशी यांनी १९६९-७० मध्ये पवनीस उत्खनन केले. त्यात बौद्ध स्तूपांचे अवशेष, ब्राह्मी लेख असलेले कठड्याचे भाग व मुचलिंद नागाचे शिल्प उजेडात आले. असे लेख वाचण्यास व शिल्पविषय ओळखण्यास प्राचीन भाषा आणि धर्मवाङ्मय यांचे ज्ञान आवश्यक असते. त्यामुळे ग्रंथाभ्यास व उत्खनन यांच्या मेळातूनच पवनीचा बौद्धकालीन इतिहास स्पष्ट होऊ शकला.