बालहक्कांच्या जागतिक हिशेबात जात कुठे आहे?

दरवर्षी २ मार्चला आपण काळाराम मंदिर सत्याग्रहाचे स्मरण करतो. भाषणांत मंदिराचे बंद दरवाजे येतात, रामनवमीची दगडफेक येते, बाबासाहेब येतात, दादासाहेब गायकवाड येतात. आम्हा दिंडोरीकरांना तर विशेष अभिमान, कारण दादासाहेबांचा जन्म याच तालुक्यातल्या आंबे गावचा, १५ ऑक्टोबर १९०२ चा. पण एक गोष्ट व्यासपीठावरून क्वचितच सांगितली जाते. त्या सत्याग्रहाची शिक्षा लहान मुलांनीही भोगली.

एप्रिल १९३० च्या रामनवमीला रथ ओढण्याबाबत ठरलेला समझोता मोडला गेला आणि दगड पडले. दगडफेक एका दिवसात थांबते. त्यानंतर नाशिक परिसरातल्या अस्पृश्यांवर जो बहिष्कार आला तो थांबला नाही. रस्ते बंद झाले, दुकानदार जिन्नस देईनात आणि मुलांना शाळा बंद झाल्या. गुन्हा एकच, हे लोक बरोबरी मागतात! देवळात जायचे होते बापाला, शाळेबाहेर काढले पोराला. खरे तर ४ ऑगस्ट १९२३ रोजीच बोले ठराव मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला होता. सार्वजनिक पाणवठे, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले, असे तो ठराव सांगत होता. शाळा कागदावर उघडली होती, गावात तिला कुलूप होते.

याला आपण बहिष्कार म्हणतो, आणि ते बरोबरच आहे. पण सात वर्षांच्या मुलाला बापाच्या आंदोलनासाठी शाळेतून हाकलणे ही मुलावरची हिंसाही आहे. तसे नाव तिला कुणी दिले नाही.

त्याच काळात जग मुलांचा विचार करू लागले होते. १९२४ साली राष्ट्रसंघाने बालहक्कांची जिनिव्हा घोषणा स्वीकारली. वंश, राष्ट्र, पंथ यांच्या पलीकडे जाऊन मुलाला जपा, असे ती सांगते. त्याच वर्षी मुंबई प्रांतात मुलांसाठी कायदा झाला. आणि त्याच वर्षी, जुलै १९२४ मध्ये, बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. तिने १९२५ च्या सुरुवातीला सोलापुरात वसतिगृह उघडले. या तिन्हींपैकी जातीमुळे हाकललेल्या मुलाला डोळ्यांसमोर ठेवणारी फक्त तिसरी.

बाबासाहेबांना हे कुणी शिकवावे लागले नव्हते. वर्गात गोणपाटावर वेगळे बसणे त्यांनी स्वतः भोगले होते. शाळेचा शिपाई वरून ओतेल तेव्हाच पाणी, हेही भोगले होते. १९०१ साली वडिलांना भेटायला निघालेली ही भावंडे मसूर स्टेशनवर उतरली. जात कळताच गाडीवाले नाही म्हणाले. शेवटी दुप्पट भाडे देऊन, गाडी स्वतः हाकून, पाण्यावाचून रात्र काढत ती गेली. पुढे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ लिहिताना बाबासाहेबांनी सुरुवातच या प्रवासाने केली. मुलावरच्या जातीय हिंसेची ही साक्ष आहे, आणि ती पीडित मुलानेच मोठेपणी नोंदवली आहे.

आता १९८९ कडे या. ११ सप्टेंबरला आपल्याकडे अ‍ॅट्रॉसिटी कायदा झाला. बरोबर दहा आठवड्यांनी, २० नोव्हेंबरला, संयुक्त राष्ट्रांनी बालहक्क संहिता स्वीकारली. एक कायदा जात पाहतो, दुसरा वय पाहतो. पीडित मूल दलित असेल तर त्याला दोन्ही डोळे हवेत, पण आपल्या यंत्रणेने ते एकत्र उघडलेच नाहीत. संहितेच्या कलम २ मध्ये वंश, रंग, लिंग, धर्म, सामाजिक मूळ, जन्म असे सगळे शब्द आहेत. ‘जात’ हा शब्द नाही. तो जागतिक दस्तऐवजात येऊ नये म्हणून २००१ च्या डर्बन परिषदेत कोण अडून बसले होते? आपलेच सरकार!

२००६ साली पाउलो सर्जियो पिन्हेरो यांनी मुलांवरील हिंसेचा जगभरचा अभ्यास संयुक्त राष्ट्रांपुढे ठेवला. काम मोठे आहे, त्याचा आदरच वाटतो. हिंसा कुठे घडते याची पाच ठिकाणे त्यांनी मांडली: घर, शाळा, बालगृह-तुरुंगासारख्या संस्था, कामाची जागा आणि समाज. आपल्याकडे मात्र एक गोष्ट या पाचही ठिकाणी हजर असते.

काही जण म्हणतील, मूल म्हणजे मूल, त्यात जात कशाला आणता? जात आम्ही आणत नाही. २८ एप्रिल २०१४ रोजी खर्डा येथे सतरा वर्षांच्या दलित विद्यार्थ्याला सवर्ण मुलीशी बोलला म्हणून मारले गेले. मारहाण सुरू झाली ती शाळेत. नोव्हेंबर २०१७ मध्ये साक्षीदार उलटल्यावर सगळे आरोपी निर्दोष सुटले. शाळा आणि समाज ही दोन ठिकाणे एकाच दिवसात, एकाच मुलाच्या वाट्याला आली.

आणि कामाची जागा? आपल्याच जिल्ह्यात, इगतपुरी तालुक्यातल्या कातकरी वस्तीतली मुले क्षुल्लक रकमेवर आणि मेंढीच्या बदल्यात मेंढपाळांकडे राबायला दिली जात असल्याचे २०२२ साली उघड झाले, तेही एका मुलीचा जीव गेल्यावर. वेठबिगारीविरोधी कायदा १९७६ पासून आहे. १९९२ साली बालहक्क संहिता मान्य करताना भारताने बालमजुरीच्या कलम ३२ ला एक निवेदन जोडले होते, की हे आम्ही टप्प्याटप्प्याने करू. तो टप्पा कातकरी वस्तीपर्यंत तीस वर्षांत पोचला नव्हता.

कार्यकर्त्यांनी तक्रार लिहून देताना एक सवय लावून घ्यावी. पीडित अठराच्या आतला असेल तर वय पहिल्याच ओळीत लिहावे. अ‍ॅट्रॉसिटीसोबत बाल न्याय कायद्याचे कलम ७५ लागते का ते पाहावे. प्रकार शाळेतला असेल तर शिक्षण हक्क कायद्याचे कलम १७ विसरू नये. लैंगिक अत्याचार असेल तर पोक्सो आहेच. ठाणे अंमलदार ‘एक कलम पुरे’ म्हणेल, ऐकू नका.

अ‍ॅट्रॉसिटी नियमांनुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील दक्षता समितीची बैठक दर तीन महिन्यांनी व्हायला हवी. नाशिकच्या पुढच्या बैठकीसाठी एकच प्रश्न लेखी द्यायचा आहे: जिल्ह्यात नोंदलेल्या अत्याचारांत अठरा वर्षांखालचे पीडित किती, आणि त्यातले शाळेच्या आवारातले किती? दिंडोरीतून अर्ज मी देतो आहे. पेठ, सुरगाणा, इगतपुरी, येवल्याच्या साथींनी आपापल्या तालुक्यातून द्यावा.